लकव्यानंतरचा हात आणि ॲक्युपंक्चर: सुईकडून काय मागावं, काय मागू नये

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. वडील ६२ वर्षांचे. चार महिन्यांपूर्वी मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी अडकून उजवं अंग गेलं. पाय बऱ्यापैकी आला, काठी घेऊन घरात फिरतात. हात मात्र मागे राहिला. खांदा थोडा उचलतात, कोपर वाकतं, पण मूठ घट्ट मिटलेली असते आणि रात्री खांदा ठणकतो. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या चालू आहेत. एका केंद्राने डोक्यात आणि हातात सुया, वर करंट, असे तीन ‘कोर्स’ आगाऊ पैसे भरून घ्यायला सांगितलेत. ‘नसांना विश्रांती हवी’ म्हणून तोवर फिजिओथेरपी बंद ठेवा, असंही सुचवलंय. तुम्ही विचारताय की ॲक्युपंक्चर करावं का, कुठल्या प्रकारचं करावं, आणि फिजिओ थांबवावी का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. फिजिओ थांबवू नका. तशी अट घालणाऱ्याकडे जाऊच नका, मग सुया लावण्यात त्याचा हात कितीही चांगला असो. पहिल्या दोन प्रश्नांना मात्र सविस्तर उत्तर लागतं. मी न्यूरो-फिजिओथेरपी करते, ॲक्युपंक्चर रीतसर शिकले आहे आणि निवडक रुग्णांवर वापरतेही. त्यामुळे सुईची भलामण करणारे आणि तिला थोतांड म्हणणारे, दोघेही माझ्यावर थोडे नाराजच असतात.

‘हात चालत नाही’ असं आपण एका दमात म्हणतो, पण त्यात तीन वेगळ्या तक्रारी असतात. पहिली म्हणजे ताकद नसणे: मेंदूकडून निघालेला आदेश स्नायूपर्यंत पुरेसा पोचत नाही. दुसरी म्हणजे ताठरपणा, ज्याला आम्ही स्पॅस्टिसिटी म्हणतो: वरून येणारा लगाम सुटल्यामुळे वाकवणारे स्नायू सतत आवळलेले राहतात, म्हणून कोपर वाकलेलं, मनगट खाली पडलेलं आणि मूठ मिटलेली. तिसरी म्हणजे वेदना, बहुतेक वेळा खांद्याची. सुईचा परिणाम या तिन्हींवर सारखा होत नाही. माझ्या पाहण्यात वेदनेवर तो सगळ्यात जास्त दिसतो, ताठरपणावर थोडा आणि तात्पुरता. हरवलेली ताकद आणि बोटांची सुटी-सुटी हालचाल केवळ सुईने परत आली, असं मी पाहिलेलं नाही. पुराव्यांमध्येही तसं भक्कम काही नाही.

बोटं परत येणं हे बहुतांशी एका गोष्टीवर ठरतं: मेंदूपासून मज्जारज्जूकडे उतरणारी मुख्य वाट किती शाबूत राहिली. नेदरलँड्समध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णांना पहिल्या ७२ तासांत तपासलं गेलं. ज्यांना बोटं थोडी तरी सरळ करता येत होती आणि हात बाजूला थोडा उचलता येत होता, त्यांच्या हातात सहा महिन्यांनी काही ना काही कसब परत येण्याची शक्यता ९८ टक्के निघाली. दोन्ही जमत नव्हतं त्यांच्यात ती २५ टक्के होती. म्हणून डिस्चार्जचे कागद काढा आणि पहिल्या आठवड्यात बोटांबद्दल काय लिहिलंय ते बघा. आणखी एक: चौथ्या महिन्यापर्यंत हात काही अंशी आपोआपही सुधारत असतो. त्या काळात जो कोणी जे काही करत असेल, त्याचं श्रेय त्याला मिळून जातं. तेल, काढा, सुई, फिजिओ, सगळ्यांनाच. आमच्याकडे तर कबुतराच्या रक्ताची मालिश करूनही ‘फरक पडला’ म्हणणारे येतात. फरक पडलेला असतोच, पण तो कशाने, हा प्रश्न उरतो.

आता प्रकारांकडे येऊ. केंद्राने तुम्हाला सांगितलेले सगळे प्रकार खरे आहेत, वापरात आहेत. साध्या ॲक्युपंक्चरमध्ये हाताच्या ठरावीक बिंदूंवर बारीक सुया लावून वीस ते तीस मिनिटं ठेवतात. खांद्याच्या टोकाशी असलेला जियानयू, कोपराच्या घडीच्या बाहेरच्या टोकाचा चूची, मनगटाच्या थोडं वर, हाताच्या मागच्या बाजूचा वाइग्वान, अंगठा आणि तर्जनीमधल्या मांसल भागातला हेगू, बोटांच्या बेचक्यांतले बाशिए, हे हातासाठीचे नेहमीचे बिंदू. याच सुयांना चिमटे जोडून सौम्य विद्युतप्रवाह दिला की ते इलेक्ट्रो-ॲक्युपंक्चर. बिंदू नीट निवडले तर मनगट आणि बोटं उघडणाऱ्या स्नायूंचं आकुंचन डोळ्यांना दिसतं. पण करंट वाकवणाऱ्या स्नायूंत गेला तर मूठ आणखी आवळते. केंद्रात गेलात तर एवढं एक जरूर बघा: करंट चालू असताना बोटं उघडतायत की मिटतायत? मिटत असतील तर तिथेच थांबवायला सांगा.

डोक्यातल्या सुयांचं प्रकरण लोकांना सगळ्यात गूढ वाटतं, म्हणून जरा थांबून सांगते. ही पद्धत जुनी, हजारो वर्षांची नाही. चीनच्या शांशी प्रांतातल्या ज्याओ शुन्फा यांनी ती १९७० च्या सुमारास मांडली, तीही आधुनिक मेंदूशास्त्राचा नकाशा समोर ठेवून. मेंदूच्या ज्या पट्ट्यातून हालचालींचे आदेश निघतात, त्याच्या बरोबर वर टाळूवर त्यांनी एक रेघ कल्पिली. तिचा वरचा पाचवा हिस्सा पायासाठी, मधले दोन हिस्से हातासाठी, खालचे दोन चेहऱ्यासाठी. उजवा हात गेला असेल तर सुया डाव्या बाजूला. सुई कवटीत जात नाही, कातडीखालच्या सैल थरात आडवी सरकवून ती जोरात फिरवतात. तेव्हा ‘मेंदूला सुई टोचणार का?’ ही भीती मनातून काढून टाका. पण कातडीखाली फिरणारी सुई कवटीच्या आतल्या नेमक्या त्याच पट्ट्याला जागं करते, हेही मला पटत नाही. टाळूच्या संवेदना वेगळ्याच नसांनी वर जातात, आणि खाली कुठला भाग आहे याची त्या नसांना काही खबर नसते. काही परिणाम होत असेल तर तो दुसऱ्या वाटेने होत असावा.

त्याच काळात तिआनजिनच्या शी श्वेमिन यांनी १९७२ मध्ये लकव्यासाठी स्वतःची पद्धत घडवली. मनगटाजवळ, वरच्या ओठाच्या खोबणीत आणि घोट्याच्या वर सुया, हाताला जोर यावा म्हणून काखेत आणि कोपरातही. चीनमध्ये ती फार प्रचलित आहे. ओठावरच्या सुईने डोळ्यांत पाणी येईपर्यंत टोचायचं असा तिचा आग्रह असतो. आपल्याकडच्या वयस्कर रुग्णांना हे सोसेल का, याचा विचार लावणाऱ्याने आधी करायला हवा.

सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव घेऊन ‘आपल्याच माणसाने चीनमधून आणलेली विद्या’ अशी जाहिरात कधी कधी दिसते. कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले ते शल्यचिकित्सक म्हणून, आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. त्याच पाचजणांच्या पथकातले कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकले आणि त्यांनी ते भारतात रुजवलं. कोटणीसांबद्दल आदर आहेच, पण त्यांच्या फोटोवरून उपचार ठरवू नका.

पुराव्यांबद्दल बोलायचं तर मी नेहमी स्वीडनची गोष्ट सांगते, कारण तिथल्या संशोधकांनी पहिल्या चांगल्या निकालावर समाधान मानलं नाही. १९९३ मध्ये त्यांनी ७८ रुग्णांचा अभ्यास छापला. सगळ्यांना रोजची फिजिओ होती, निम्म्यांना वर आठवड्यातून दोनदा, दहा आठवडे ॲक्युपंक्चर. सुया लावलेल्यांचा तोल, चालणं, रोजची कामं, सगळंच जास्त सुधारलं. जगभर त्याचा बोलबाला झाला. पण त्या अभ्यासात एक खोट होती: एका गटाला जास्तीचा उपचार मिळत होता, दुसऱ्याला त्या जागी काहीच नाही. कुणीतरी येतं, वेळ देतं, हात लावतं, याचाही रुग्णाच्या उमेदीवर परिणाम होतो. म्हणून पुढचा अभ्यास १५० रुग्णांचा, अनेक रुग्णालयांत मिळून केला आणि तो २००१ मध्ये आला. या वेळी तीन गट होते. एकाला इलेक्ट्रोसह ॲक्युपंक्चर, दुसऱ्याला कातडीवरून स्नायू आकसतील इतका जोरदार करंट, तिसऱ्याला जाणवणारही नाही इतका क्षीण करंट. तिघांनाही दहा आठवड्यांत वीस बैठका. तीन महिन्यांनी आणि वर्षाने तपासलं तेव्हा गटागटांत फरक निघाला नाही.

केवळ हाताचं म्हणाल तर बॉस्टनमध्ये २००५ साली जुन्या लकव्याच्या ३३ रुग्णांवर खरी सुई विरुद्ध नकली सुई असा अभ्यास झाला. सगळ्यांचा एकत्र हिशेब केला तर ठोस फरक नव्हता. मात्र ज्यांनी ठरल्याप्रमाणे बैठका पूर्ण केल्या त्यांच्यात मनगटाचा ताठरपणा कमी आणि खांद्याची हालचाल थोडी जास्त दिसली. अभ्यास लहान आहे, त्यावर इमले बांधू नयेत, पण मी रोज जे पाहते त्याच्याशी हे जुळतं.

चीनमधून या विषयावर ढिगाने अभ्यास येतात आणि जवळपास सगळे सुईच्या बाजूने असतात. १९९८ मध्ये एका पाहणीत हे मुद्दाम तपासलं गेलं, तेव्हा तिथून आलेले ॲक्युपंक्चरचे अभ्यास झाडून सगळे अनुकूल निघाले. इतकं एकमत पाहिलं की मला आनंदापेक्षा शंकाच जास्त येते. कॉक्रेन ही उपचारांवरचे सगळे अभ्यास एकत्र पारखणारी संस्था; तिच्या २०१६ च्या आढाव्यात ३१ अभ्यास आणि २,२५७ रुग्ण होते. निष्कर्ष असा की फायदा असू शकेल, पण बहुतेक अभ्यासांचा दर्जा कच्चा, म्हणून सर्वांना सरसकट सुचवण्याइतका पुरावा नाही. अमेरिकेच्या हार्ट आणि स्ट्रोक असोसिएशनची २०१६ ची मार्गदर्शक तत्त्वं आणखी स्पष्ट आहेत: हाताची हालचाल सुधारण्यासाठी ॲक्युपंक्चर सुचवू नये, आणि खांद्याच्या दुखण्यासाठी त्याचा उपयोग अनिश्चित आहे.

मग मी ते वापरते तरी कशाला? खांद्यासाठी आणि वेळेसाठी. तुमच्या वडिलांसारखा खांदा रात्री ठणकत असेल तर झोप होत नाही, सकाळी हाताला हात लावू देत नाहीत आणि सराव तिथेच संपतो. अशा वेळी काही बैठकांनी दुखणं कमी झालं तर तेवढ्यासाठी सुई सार्थकी लागली असं मी मानते. दुसरं म्हणजे इलेक्ट्रो-ॲक्युपंक्चरनंतर काही रुग्णांची मूठ थोडा वेळ सैल पडते. कुणाची अर्धा तास, कुणाची काही तास. तो वेळ सोन्यासारखा असतो, आणि नेमका तोच वाया जातो. सुया काढल्या, रिक्षात बसले, घरी जाऊन झोपले. संध्याकाळी मूठ पुन्हा होती तशी. माझ्याकडे सुया काढल्या काढल्या रुग्ण टेबलाशी बसतो: पेला पकडणं-सोडणं, कपड्यांचे चिमटे, टॉवेलची घडी, वाटीतले राजमे दुसऱ्या वाटीत. मेंदू वाट बदलतो ती अशा शेकडो पुनरावृत्तींनी. अमेरिकेत २००९ मध्ये थेरपीच्या बैठका प्रत्यक्ष बसून मोजल्या गेल्या, तेव्हा हाताच्या कामाच्या हालचाली एका बैठकीत सरासरी ३२ भरल्या. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूत बदल दिसले ते रोजच्या ४०० ते ६०० हालचालींनंतर. आमच्या फिजिओ मंडळींनीही हा आकडा मनाला लावून घ्यायला हवा. ‘फिजिओ करून फरक नाही’ म्हणणाऱ्या बऱ्याच रुग्णांना प्रत्यक्षात शेक, मालिश आणि कुणीतरी हात वर-खाली करून देणं एवढंच मिळालेलं असतं.

‘नसांना विश्रांती’ हा मुद्दा म्हणूनच मला खटकला. चौथा महिना हा विश्रांतीचा मुळीच नाही.

तुमच्या पत्रात वडील दिवसभर स्माईली बॉल दाबत बसतात असं आहे. तो आजच काढून घ्या. त्यांना मिटता येतंच आहे, त्यांना उघडायला शिकायचंय. बॉल दाबून वाकवणारे स्नायूच तेवढे तयार होतात. खिडकीला किंवा दाराला पुली बांधून निरोगी हाताने दुखरा हात वर ओढणंही बंद करा, त्याने खांद्याच्या आतल्या शिरा दुखावतात. उठवताना काखेत हात घालून किंवा हात धरून ओढू नका. झोपताना हाताखाली उशी हवी, बसताना हात मांडीवरून लोंबकळत नको. आणि सुई लावण्याआधी खांदा एकदा डॉक्टरांकडून तपासून घ्या. खांद्याच्या टोकाखाली बोटभर खळगा लागतो का, सांधा गोठलाय का, पंजा सुजून लाल-चकचकीत झालाय का? प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे, आणि पंजाच्या सुजेला उशीर परवडत नाही.

सुरक्षिततेचं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर असताना बारीक सुया साधारणपणे लावता येतात, पण लावणाऱ्याला ते माहीत हवं आणि सुई काढल्यावर जागा जास्त वेळ दाबून धरायला हवी. त्यासाठी गोळ्या एक दिवसही बंद करायच्या नाहीत, कारण पुन्हा गुठळी होण्याचा धोका काळ्या-निळ्या डागापेक्षा फार मोठा आहे. वॉरफरीन चालू असेल तर आधी आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी तपासणी, बघा. पेसमेकर असेल तर करंट नको. मेंदूची सूज उतरवण्यासाठी कवटीचं हाड काढलेलं असेल तर त्या बाजूला डोक्यात सुई अजिबात नाही. लकव्यानंतर फिट आली असेल तर तेही सांगा. खांदा आणि मानेच्या मधल्या भागात, तसंच पाठीत, सुई खोल गेली तर फुप्फुसाला छिद्र पडू शकतं. हे क्वचित घडतं, पण घडतं. नंतर दम लागला किंवा छातीत दुखलं तर वाट बघू नका, थेट इस्पितळ गाठा. मॉक्सा म्हणजे जळती वात जवळ धरून दिलेला शेक, आणि ज्या हाताला गरम-गार नीट कळत नाही त्यावर तो देऊ नये. मधुमेह असेल तर मुळीच नाही. सुया नव्या, एकदाच वापरायच्या, तुमच्यासमोर पाकीट फोडून घेतलेल्या हव्यात. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी वेगळा कायदा आणि परिषद आहे, तेव्हा नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका.

तरीही करून पाहायचं ठरवलंत, आणि ते समजण्यासारखं आहे, तर आधी मोजमाप घ्या. रात्रीचं खांद्याचं दुखणं शून्य ते दहामध्ये रोज लिहा. तळहात धुण्याइतकी आणि नखं कापण्याइतकी मूठ उघडते का, किती ओढावं लागतं, ते बघा. एका मिनिटात किती बाटलीची झाकणं एका डब्यातून दुसऱ्यात जातात ते मोजा, शून्य असेल तर शून्य लिहा. मोबाइलवर त्याच खुर्चीत, त्याच उजेडात व्हिडिओ काढा. तुमच्या फिजिओला फ्यूगल-मायर मोजणी करायला सांगा. हाताला ६६ पैकी गुण मिळतात, आणि पाच-एक गुणांची वाढ झाली तरच तिला अर्थ आहे. एक-दोन गुण तर मोजणाऱ्यावरही हलतात. आठवड्यातून दोन किंवा तीन, अशा आठ-दहा बैठका करा, प्रत्येकीनंतर लगेच तासभर सराव. त्यानंतर दुखणं आणि ताठरपणा यांत स्पष्ट उतार नसेल तर थांबवा. ‘अजून एक कोर्स, मग बघा’ हे वाक्य येईल. ते ऐकूनही थांबवा.

पैसे आणि माणसांचा वेळ मोजकाच असेल, आणि बहुतेक घरांत तो असतोच, तर मी क्रम असा लावीन. आधी खांद्याचं निदान आणि रोजचा भरपूर सराव. मूठ फारच घट्ट असेल तर न्यूरॉलॉजिस्टना स्नायू सैल करणाऱ्या बोटुलिनम इंजेक्शनबद्दल विचारा. महाग आहे, परिणाम साधारण तीन महिने टिकतो, पण ताठरपणावर त्याचा पुरावा सुईपेक्षा कितीतरी पक्का आहे. घरच्या घरी आरशाची थेरपी सुरू करता येईल. छातीसमोर उभा आरसा, उजवा हात त्याच्या मागे, डाव्या हाताने हालचाली करायच्या आणि आरशातला हात उजवा आहे असं बघायचं. खर्च एका आरशाचा, आणि तिला कॉक्रेनच्या २०१८ च्या आढाव्यात ६२ अभ्यासांचा आधार आहे. मनगट आणि अंगठ्यासह दोन-तीन बोटं स्वतःच्या जोरावर १० अंश तरी उघडत असतील, तर चांगला हात बांधून दुखऱ्या हाताकडूनच कामं करून घेण्याची पद्धत करता येते. २००६ मधल्या तिच्या मोठ्या अभ्यासात २२२ रुग्ण होते, सगळे लकव्यानंतर तीन ते नऊ महिन्यांतले, म्हणजे तुमचे वडील आज आहेत त्याच टप्प्यातले. दोन आठवड्यांच्या कसून सरावाचा फायदा वर्षभरानंतरही दिसत होता.

तेव्हा उद्या वडिलांचं मनगट टेबलाच्या कडेबाहेर सैल सोडा आणि त्यांना ते वर उचलायला सांगा, बोटं उघडायला सांगा. किती अंश होतंय त्याचा व्हिडिओ घेऊन तुमच्या फिजिओला दाखवा. पुढचा मार्ग त्यावर ठरेल. ॲक्युपंक्चर त्यात बसवायचं असेल तर सुईची वेळ सरावाच्या आधीची मागा आणि पैसे त्या त्या बैठकीचेच द्या, तीन कोर्सचे आगाऊ नाही.